वॉशिंग मशीनचा बाहेरचा आडोसा : कव्हर, डब्ल्यूपीसी, एसीपी, पत्रा की चिरा?

न्हाणीघरात जागा नाही, ड्राय बाल्कनीत भांड्यांची मोरी आणि सिलिंडर आधीच बसलेले, म्हणून वॉशिंग मशीन गच्चीवर, मागच्या पडवीत किंवा परसातल्या धुण्याच्या दगडाशेजारी जातं. उन्हाळाभर काही बिघडत नाही. मृगाची पहिली सर आली की ताडपत्रीची शोधाशोध होते आणि मग याला एखादी पेटी करून घ्यायचं ठरतं. ऑनलाइन कव्हर पाचशे ते हजार रुपयांत घरपोच येतं, सुतार डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या बोर्डाची) पेटी करून देतो, स्लायडिंग खिडक्या करणारा अॅल्युमिनियम आणि एसीपीची (दोन पातळ पत्र्यांमधे गाभा असलेल्या पॅनेलची), वेल्डर पत्र्याची. चौघेही पाणी आत येणार नाही अशी हमी देतात. या चारही प्रकारांची आणि त्यांच्यासोबत चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) किंवा विटांच्या आडोशाची ही पारख आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. सगळ्यांत वाईट पेटी ती, जी चारही बाजूंनी सिलिकॉन भरून हवाबंद केलेली असते. धुणं झाल्यावर ड्रममध्ये, दाराच्या रबरी गॅस्केटच्या घडीत आणि पंपाच्या फिल्टरपाशी पाणी उरतंच. हवाबंद पेटीत त्याची वाफ अडकते, रात्री पत्रा गार पडला की छताच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि टपकतात ते थेट मशीनच्या डोक्यावर, म्हणजे कंट्रोल पॅनेलपाशी. गंज धरतो तोही तळाच्या कडांना आणि मागच्या स्क्रूंना, जिथे हवा फिरत नाही. म्हणून पेटी बघताना आधी ओल बाहेर जायची वाट शोधावी, पाणी आत यायची वाट त्यानंतर.

बऱ्याच मशीनच्या मागच्या पट्टीवर ‘आयपीएक्स४’ असं छापलेलं असतं. यातला ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे सोसणारं. पावसाची झड तासन्‌तास अंगावर घेण्याची ती हमी नव्हे. शिवाय बहुतेक माहितीपुस्तिकांत मशीन उघड्यावर बसवू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि गंज किंवा उंदरांनी केलेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. पेटी कितीही चांगली झाली तरी ही अट बदलत नाही, हे धरूनच खर्च करावा.

कव्हर आणि पडदे

चेन लावलेलं कापडी कव्हर हा धुळीचा उपाय आहे, पावसाचा नाही. पॉलिस्टरला आतून लेप दिलेला असतो, त्यामुळे कापडातून पाणी झिरपत नाही हे खरं. पण शिवण सुईने टोचलेली असते आणि पाणी शिवणीतून येतं. तळ उघडा, होजसाठी मागची बाजू उघडी. खालून उडणारं पाणी फरशीवर आपटून सहज फूटभर वर जातं आणि मशीनचा तळ तर आधीच पोकळ असतो. पारदर्शक पीव्हीसीची कव्हरं पश्चिमेच्या उन्हात एकदोन उन्हाळ्यांत कडक होतात आणि घडीवर चिरतात. कव्हर घ्यायचंच असेल तर ज्या बाल्कनीत फक्त तुरळक शिंतोडे येतात तिथेच. आणि धुणं झाल्याझाल्या ते ओढून बसवू नये. दार, साबणाचा कप्पा उघडा ठेवून तीनचार तास जाऊ द्यावेत.

बाल्कनीसाठी कव्हरपेक्षा खूपच सरस काम करतो तो पावसाळी पडदा, म्हणजे वरच्या पाइपवर गुंडाळला जाणारा पारदर्शक पीव्हीसीचा किंवा कॅनव्हासचा चिक. तो मशीनला न झाकता सगळ्या बाल्कनीचीच झड अडवतो, मागे हवा मोकळी राहते. मात्र माप घेताना उघड्या भागाएवढाच पडदा शिवून घेण्याची चूक होते. दोन्ही बाजूंना भिंतीवर १०० ते १५० मिमी चढेल इतकी रुंदी हवी, तळाच्या पट्टीत पाइप घातलेला हवा आणि खाली किमान तीन ठिकाणी हुक किंवा बकल हवेत. नाहीतर जुलैतल्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि आयलेट फाटून हातात येतात. फ्लॅटच्या बाल्कनीत मशीन असेल तर इथेच थांबावं, पुढची पेटी लागणारच नाही. फक्त बाहेरून दिसणारा पडदा लावण्याआधी सोसायटीला विचारून घ्यावं.

माप चुकलं की पेटी फुकट

सामान कोणतंही असो, तक्रारी सर्वांत जास्त मापाच्याच असतात. ७-८ किलोचं फ्रंट लोड मशीन साधारण ६०० मिमी रुंद, ८५० उंच आणि ५५० ते ६०० खोल असतं. कारागीर टेप लावून ६०० ला ६५० धरतो आणि मोकळा होतो. मग मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिनला मशीन पेटीच्या भिंतीला धडकतं, मागे होज दबतो आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला मशीन बाहेरच काढता येत नाही.

आतून मोकळी रुंदी ७५० मिमी, खोली ८०० मिमी धरावी. म्हणजे दोन्ही बाजूंना ७५ आणि मागे होजच्या वळणासाठी १०० मिमीच्या वर जागा राहते. उंची समोर १००० आणि मागे १०८० ते ११००, म्हणजे छताला दहास एक असा उतार आपोआप येतो. टॉप लोडला हे माप चालत नाही. त्याचं झाकण उघडल्यावर एकूण उंची १३०० ते १४०० मिमीपर्यंत जाते, त्यामुळे छप्पर १४५० च्या खाली आणू नये. छतच बिजागरीवर उघडणारं करण्याची कल्पना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात पावसात धुणं लावायला छत उचललं की पन्हळीतलं सगळं पाणी मशीनवर. ती सरळ नाकारावी.

समोरचा उंबरा हा दुसरा घोळ. फ्रेम चौकोनी वेल्ड करायची सवय असल्याने वेल्डर समोरही खालची आडवी पट्टी ठेवतो. ६० ते ७५ किलोचं मशीन त्या पट्टीवरून उचलून बाहेर काढायला दोन माणसं लागतात. वर फ्रंट लोडच्या पंपाचा फिल्टर समोर तळाशी असतो. तो उघडला की लिटर-दीड लिटर पाणी येतं आणि त्यासाठी थाळी सरकवायला जागा लागते. समोरची खालची पट्टी फ्रेममध्ये नकोच, आणि चौकट डगमगेल अशी भीती असेल तर मागच्या बाजूला तिरकी पट्टी द्यावी.

दारं दोन पानांची करावीत आणि ती किमान १८० अंशांत उघडून बाजूला टेकावीत. एका पानाचं ७५० मिमीचं दार वाऱ्यात झडपतं आणि बिजागरीवर लोंबतं. मशीनचं स्वतःचं दार बहुतेक वेळा डावीकडे उघडतं, त्या बाजूचं पेटीचं पान अर्धवट उघडणारं असेल तर रोज हात आपटतो.

डब्ल्यूपीसी

१८ मिमीचा डब्ल्यूपीसी बोर्ड फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, सुताराच्या नेहमीच्या हत्यारांनी कापता येतो. छपराखालच्या पडवीत, ड्राय बाल्कनीत तो उत्तम. ‘७१०’चा (आयएस ७१० या मानकाचा) मरीन प्लाय याच कामाला सुचवला जातो, पण त्यातला डिंक पाण्याला टिकतो, लाकडाच्या कापलेल्या कडा पाणी पितातच. पाण्याजवळच्या कपाटाला डब्ल्यूपीसी बरा.

त्याच्या मर्यादा उन्हात दिसतात. डब्ल्यूपीसी तापला की वाढतो. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर मे महिन्यात दार फसतं, म्हणून जोडावर ३ मिमीची फट सोडावी. गडद रंगाचा लॅमिनेट लावला तर बोर्ड जास्त तापतो, वाकतो, लॅमिनेटच्या कडा सुटतात; पांढरा किंवा फिकट राखाडी घ्यावा. स्क्रू कडेपासून २५ मिमी आत आणि आधी भोक पाडूनच मारावा, नाहीतर बोर्ड चिरतो. छतासाठी डब्ल्यूपीसी वापरू नये. ८०० मिमीच्या गाळ्यात तो काही महिन्यांत मधोमध खचतो आणि तिथे डबकं साचतं. वर पत्रा, बाजूला डब्ल्यूपीसी अशी जोडी ठीक.

अॅल्युमिनियम आणि एसीपी

गच्चीवर सर्वांत जास्त दिसणारी हीच. गंजत नाही, हलकी, दोन दिवसांत तयार होते आणि दिसायला नीटस. दोष हलकेपणातच आहे. ३ मिमीचं एसीपी मोठ्या चौकटीत लावलं की स्पिनच्या वेळी डफासारखं वाजतं. प्रत्येक पॅनेलच्या मधे एक आडवी पट्टी मागून घ्यावी किंवा ४ मिमी घ्यावं. पॅनेलच्या कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर पाणी शिरून थर सुटतात, म्हणून कडा सेक्शनच्या खाचेत बसलेल्या हव्यात, नुसत्या स्क्रूने वरून ठोकलेल्या नकोत. स्वस्त एसीपीचा गाभा प्लॅस्टिकचा, म्हणजे जळणारा असतो. त्यामुळे सॉकेट किंवा स्विचबोर्ड पॅनेलवर बसवू नये, तो भिंतीवरच हवा.

सिलिकॉन कोणतं वापरतात ते नळी हातात घेऊन बघावं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आम्लयुक्त असतं. धातूला आणि जस्ताच्या मुलाम्याला ते डागतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच मागावं. किनाऱ्यालगत स्टीलचे स्क्रू आणि अॅल्युमिनियम खाऱ्या ओलीत भिडले की अॅल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं, मधे नायलॉनचं वॉशर हवं. सिमेंटचं पाणी ओलं असताना लागलं तरी अॅल्युमिनियमवर कायमचा डाग राहतो, म्हणून ओट्याचं गिलावाकाम पूर्ण झाल्यावरच पेटी आणावी.

या पेटीची खरी परीक्षा वाऱ्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडमध्ये घरांची छपरं उडाली होती. नुसती टेकवून ठेवलेली अॅल्युमिनियमची पेटी त्यापुढे काहीच नाही. ओट्यावर असेल तर चार कोपऱ्यांत १० मिमीचे अँकर फास्टनर, ओट्याच्या कडेपासून ७५ मिमी तरी आत. गच्चीवर मात्र खाली भोक पाडायचं नाही. वर फरशी, खाली विटांचा कोबा आणि त्याखाली स्लॅब. एक अँकर कोब्यात गेला की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. तिथे कठड्याच्या भिंतीला आतल्या बाजूने ब्रॅकेट मारावेत, शिवाय चौकटीच्या खालच्या पट्टीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. मशीनचंच वजन कामाला यावं म्हणून ते पेटीच्या तळावर उभं करू नये. स्पिनचा सगळा हादरा चौकटीत उतरतो आणि महिन्याभरात स्क्रू सैल होतात.

पत्र्याची पेटी

परसात, उघड्या जागेत, कोकणात किंवा घाटमाथ्यावर पेटीच करायची असेल तर हीच घ्यावी. पण वेल्डर जशी करून देतो तशी नाही.

२५ × २५ मिमी, १.६ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचं वजन मीटरला सुमारे १.२ किलो भरतं. वरच्या मापाच्या पेटीला दारांसकट साधारण २० मीटर पाइप लागतो, म्हणजे २४ किलोच्या आसपास. आणि पत्रा जवळपास ५ चौरस मीटर. हा हिशेब हातात असला की ‘एवढं सामान लागतं’ म्हणून आलेलं ४० किलोचं कोटेशन तिथल्या तिथे बघता येतं. १.२ मिमीचा पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंगला जळतो आणि बिजागरीपाशी तुटतो.

काळा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, त्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि वर ऑइलपेंट ही नेहमीची पद्धत. रेड ऑक्साइड फक्त अस्तर आहे. उघडं ठेवलं तर एका पावसाळ्यात गंज वर येतो. त्याहून मोठी अडचण पाइपच्या आतून असते. वेल्डच्या बारीक फटींतून पाणी पाइपमध्ये शिरतं, तळाला साचतं आणि बाहेरचा रंग शाबूत असताना पाइप आतून सडतो. म्हणून उभ्या पाइपांची वरची तोंडं पूर्ण वेल्डने बंद करावीत आणि खालच्या आडव्या पाइपला तळाशी ६-८ मिमीची भोकं ठेवावीत. थोडा जास्त खर्च करून जस्ताचा मुलामा असलेला जीपी पाइप घ्यावा. वेल्डिंगच्या जागी तो मुलामा जळून जातो, तिथे तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त कोल्ड गॅल्व्हनायझिंग पेंटचे दोन हात द्यायला लावावेत. हे काम वेल्डर हमखास टाळतो. समोर उभं राहून करून घ्यावं. मुलाम्यावर साधा ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे मुलाम्याला पकड देणारं अस्तर लागतं.

पत्रा ०.५ मिमीचा रंगीत, जस्त-अॅल्युमिनियमच्या मुलाम्याचा. तो कटरच्या चाकाने कापू देऊ नये. ठिणग्यांसोबत उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि पहिल्या पावसात सगळ्या पत्र्यावर तांबूस ठिपके येतात. पत्रा कात्रीने कापावा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या वॉशरखाली रबर असतं. ते जरा दबेपर्यंतच आवळायचं. जोरात आवळलं की रबर बाहेर येतं, उन्हात फाटतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

छप्पर समोरून १५० मिमी आणि बाजूंनी ७५ मिमी बाहेर हवं, कडा खाली वळवलेली. कडा सरळ ठेवली तर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने मागे ओघळत दारापर्यंत येतं. वळवली की पागोळी दारापासून दूर पडते. मागची बाजू भिंतीला लागून असेल तर भिंतीत २० मिमीची खाच काढून पत्र्याची पट्टी त्यात दाबून सिमेंटने भरावी. नुसतं सिलिकॉन ओढलेला जोड पहिल्या उन्हाळ्यानंतर सुटतो.

हवेसाठी खाली आणि वर अशा दोन झरोक्यांच्या पट्ट्या, प्रत्येकी साधारण ३०० × १५० मिमी, समोरासमोरच्या बाजूंना. पाती ४५ अंशांत खाली झुकलेली. खालच्या झरोक्याची कडा बाहेरच्या फरशीपासून ३०० मिमीच्या वर. कोकणपट्टीत आणि मुंबईत झड नैऋत्येकडून येते, त्या अंगाला झरोका ठेवूच नये. झरोक्याच्या मागे ६ मिमीची वेल्डेड जाळी लावावी. त्यातून घुशी-उंदीर येत नाहीत. डासांची बारीक जाळी लावण्याचा मोह होतो, पण ती कपड्यांच्या तंतूंनी आणि धुळीने बंद होते आणि पेटी पुन्हा हवाबंद.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उघड्या पत्र्याखाली आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते मानवत नाही. छताच्या आतून चंदेरी पापुद्र्याची फोमशीट चिकटवली तर ताप आणि पावसाचा ताशाही कमी होतो, थेंब धरणंही. पेटीवर घालायच्या खर्चातला हा सर्वांत कारणी लागणारा भाग.

स्टेनलेस स्टीलची पेटी सुचवली जाते. ३०४ दर्जाचं स्टील समुद्राजवळ चहाच्या डागांसारखं तांबूस पडतं. ३१६ टिकतं, पण त्या पैशात दुसरं मशीन येईल. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा मात्र स्टेनलेसचेच घ्यावेत. चुंबकाचा कॅच नको, तो गंजून चिकटतो.

चिरा किंवा वीट

घर स्वतःचं आणि परस मोकळं असेल तर वरच्या सगळ्यांपेक्षा तीन बाजूंनी चिऱ्याची किंवा चार इंची विटांची छातीभर भिंत, वर मोकळी फट आणि त्यावर मोठ्या वळचणीचा पत्रा हा आडोसा सरस. झड अडते, हवा खेळते, हादरा वाजत नाही, गंजायला काही नाही. समोर दाराऐवजी चिक चालतो. आतली मोकळी जागा ९०० × ९०० मिमी ठेवावी, पुढचं मशीन मोठं आलं तर भिंत फोडायला नको. आतून सिमेंटचा गिलावा करून वर पांढरा सिमेंट पेंट.

ओटा सगळ्याच प्रकारांना लागतो. १५० मिमी उंच, कोकणात २०० ते ३००. एकास दोनास चार काँक्रीटचा, वर कडाप्पा किंवा खरखरीत कोटा. मशीनखालचा भाग पाणसळीला तंतोतंत सपाट असावा, उतार त्याच्या पुढच्या पट्टीला. गवंडी सवयीने सगळ्या ओट्याला मोरीकडे उतार देतो आणि मग मशीनचे पाय फिरवून फिरवून थकायला होतं. चाकांचं स्टँड बाहेर वापरू नये. पाय थेट दगडावर. नवीन फ्रंट लोडमागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले असतील तर ओट्याला दोष देऊन उपयोग नाही.

वीज

इथे कंजुषी नको. मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. दोन किलोवॅटचा हीटर एकटाच सुमारे ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे घरातून आणलेली एक्स्टेन्शन कॉर्ड पूर्णपणे बाद. ओल्या ओट्यावर अनवाणी उभं राहून पत्र्याच्या पेटीला हात लागतो. आरसीसीबी नसेल तर पेटी न केलेली बरी. पत्र्याची चौकटही अर्थच्या वायरने जोडून घ्यावी. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं.

सॉकेट ओट्यापासून १.२ मीटर उंच, नळाच्या वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही. बाहेरच्या डब्याला आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारा) म्हणून विकतात, पण १६ अँपिअरचा जाड पिन घातल्यावर त्याचं झाकण लागतं का, ते दुकानातच स्वतःचा प्लग नेऊन बघावं. बऱ्याच डब्यांचं झाकण फक्त प्लग काढल्यावरच लागतं, आणि मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. केबल डब्यात खालून, ग्लँडमधून घ्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकून जातं.

पाणी येणं आणि जाणं

गच्चीवरच्या मशीनची नेहमीची तक्रार असते, पाणीच भरत नाही. एलजीच्या मशीनवर ‘आयई’, सॅमसंगवर ‘४सी’ दिसतं आणि मशीन बिघडलं असा समज होतो. टाकीची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असली की साधारण एक बार दाब मिळतो. अनेक मशीनना किमान ०.३ बार, म्हणजे ३ मीटर उंची लागते. गच्चीवर टाकी आणि मशीन यांत मीटर-सव्वा मीटरचाच फरक असतो. तिथे टाकी आणि मशीनमधे छोटा प्रेशर पंप लागतो, आणि त्यालाही पेटीत आडोसा, म्हणून पेटीची रुंदी आधीच २५० मिमीने वाढवावी. पंप टाकीवरूनच घ्यावा, नगरपालिकेच्या लाइनवर थेट पंप लावणं बेकायदा आहे. उघड्यावरचा पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतो, त्याला रंगाचा हात द्यावा.

पंपाने पाणी फेकणाऱ्या मशीनचा ड्रेन होज ६०० ते १००० मिमी उंचीवर उभ्या ४० मिमी पाइपात सैल अडकवावा, टेप गुंडाळून हवाबंद करू नये. टोक खाली नहाणीत, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकात टाकलं की सायफन होऊन भरतानाच पाणी वाहून जातं आणि मशीन भरत राहतं. सेमी ऑटोमॅटिक आणि पंप नसलेल्या टॉप लोडला याच्या उलट, होज जमिनीलगत लागतो. ओट्याची उंची तिथे कामी येते. साबणाचं पाणी पागोळीच्या पावसाळी पाइपात सोडू नये. जोरदार पावसात तो पाइप भरून वाहतो आणि पाणी उलट होजमधून मशीनकडे येऊ शकतं. नहाणीवर जाळी हवीच. उंदीर पेटीत दारातून कमी आणि होजच्या भोकातून जास्त येतात. भोकाभोवती रबरी ग्रोमेट आणि उरलेल्या फटीत स्टीलचा काथ्या कोंबून सिमेंट.

पैसे देण्याआधी

कोटेशनवर पाइपची जाडी, पत्र्याची जाडी, मुलाम्याचा प्रकार, छताची बाहेर आलेली कडा आणि झरोक्यांची मापं लिहून घ्यावीत, ‘वॉटरप्रूफ पेटी, एक नग’ एवढंच लिहिलेलं बिल पुढे भांडायलाही उपयोगी नसतं. पेटी बसल्यावर, मशीन आत ठेवण्याआधी, चारही कोपऱ्यांत आणि छताखाली कोरड्या वर्तमानपत्राचे कागद पसरावेत आणि बागेच्या होजने दहा मिनिटं पाणी मारावं: आधी वरून, मग नैऋत्येच्या अंगाने तिरपं, शेवटी समोरच्या फरशीवर आपटून. कागद कुठे भिजला ते बघून कारागिराला त्याच वेळी दाखवावं. मग मशीन आत ठेवून रिकामं स्पिन सर्वांत वरच्या वेगावर चालवावं. पत्रा कुठे खडखडतो तिथे रबरी पट्टी लावायची राहिली आहे. शेवटचा हप्ता या दोन्ही गोष्टी झाल्यावर द्यावा.